वरचं कुंड

अप्पा, आज सोमवार, १६ मे, सकाळचे सहा वाजलेत. लातूरच्या खोलीत टँकरचं गढूळ पाणी तुरटी फिरवून निवळायला ठेवलंय आणि घागरीपाशी बसून हे लिहितो आहे. तुम्ही गेलात आणि नववीत माझी शाळा सुटली. आता जिल्हा नवा झाला, कचेरी नवी झाली, पाऊस मात्र तुमच्या वेळेसारखाच चुकला. त्या कचेरीत मी रोजंदारीवर शिपाई आहे. कायम करायच्या यादीत कुणाचं नाव घालायचं ते हेडक्लार्क साहेबांच्या हातात आहे. म्हणून काल त्यांना आणि कचेरीतल्या आणखी दोघांना आपल्या डोंगरातली कुंडं दाखवायला घेऊन गेलो.

मोठ्या दुष्काळात तुम्ही खडी फोडायला जायचात, आणि सुट्टीच्या दिवशी आपण घागर घेऊन डोंगर चढायचो. कातळात एकाखाली एक तीन कुंडं. वरचं प्यायचं, मधलं जनावरांचं, खालचं धुण्याचं. एकदा मी वरच्यात पाय सोडून बसलो. तुम्ही मारलं नाहीत. "बस हितंच. निवळल्याबिगर कुणी प्यायचं न्हाई," म्हणालात, आणि तुम्हीही तहानलेलेच माझ्याशेजारी उन्हात बसून राहिलात.

काल चढताना मी मनातल्या मनात वाक्य जुळवत होतो, की साहेब, वरच्यात उतरू नका. वर पोचतो तोच साहेबांनी शर्ट काढला. "काय रे, हितं उतरलं तर चालतंय ना?"

"चालतंय की साहेब," मी म्हणालो. पिशवीतला साबणही मीच काढून दिला.

फेस कडेला लागला होता, तेव्हा एक म्हातारी घागर घेऊन वर आली. "आजी, या, तुमची बी पाठ घासून देतो!" पाण्यातला एक जण ओरडला.

"माझी ऱ्हाऊ दे. आधी तुझी मान घास, लई काळी हाय," ती म्हणाली. सगळे हसले. मग ती माझ्याकडे बघत राहिली. "त्या खडीवरच्या अप्पाचा तू न्हव का रं? चालणं तसंच हाय."

हो म्हटलं असतं, तर तिनं पुढचं विचारलं असतं, साहेबांच्या देखत. "नाही आजी," मी शाळेतल्यासारखं स्वच्छ बोललो, "मी लातूरचा."

"आसंल बाबा. डोळं गेलं माझं." ती कातळावर टेकली, घागर मांडीशी धरून. "निवळू दे."

साबणाचं पाणी निवळत नाही, अप्पा. तिलाही ते ठाऊक असणार.

माझ्या घागरीतला गाळ आता खाली बसलाय. मला कचेरी उघडायला जायचंय. हा कागद ट्रंकेत तुमच्या पटक्याखाली ठेवीन. ती भरल्या घागरीनं उतरली की रिकाम्या, ते मला सांगता येणार नाही. साहेबांचे ओले कपडे पिशवीत भरून मी सगळ्यांच्या आधी खाली उतरलो होतो.