आटे जुळले, पण

ऋषी,

अबोली दूध पिऊन झोपली आहे. उठली तर मऊ भात कुकरात आहे.

तू हौसेनं आणलेली लेन्स बाबांच्या जुन्या कॅमेऱ्यावर बसली. आटे जुळले, पण ती दुसऱ्याच घडणीच्या कॅमेऱ्याची आहे. जवळचं तेवढं स्पष्ट दिसतं, दूरचं सगळं धूसर. अबोलीच्या पापण्या मोजाव्यात इतक्या साफ, फुटाळा तलावाचा पलीकडचा काठ मात्र येतच नाही. "दूरचं काहून पाहिजे तुले?" म्हणशील. पाहिजे गा. लग्नाआधी मी तेच तर काढत होते. अबोली झाल्यापासून तो काठ पाहिलासुद्धा नाही.

तो लेन्समध्ये येत नाही, म्हणून कॅमेरा घेऊन मीच तिथवर चालले. नाश्त्याला येते.

लेन्स परत करू नको. अबोली अजून मांडीवर मावते.

मेघा