आठ मिनिटांचा हातोडा

सोमवार, ९ मार्च

आठ मिनिटं. घड्याळात पाहिलं होतं, त्यामुळे 'साधारण' म्हणायचीही सोय नाही.

देशाच्या पश्चिम टोकाला, कासलबारच्या गोदामात बाराला ट्रक घेऊन पोचले. वाटेत लाँगफर्डजवळ रस्ता खोदलाय, म्हणून सलग चार तास दहा मिनिटं चालवणं झालं. नियमाने आता पंचेचाळीस मिनिटं सक्तीची विश्रांती. डॅशबोर्डवरच्या मशीनचं बटण दाबून 'खाट' आणली. (या मशीनला चार गोष्टी कळतात आणि चारांची चार चित्रं आहेत. गाडी चालवणं म्हणजे चाक, इतर काम म्हणजे दोन हातोडे, वाट बघणं म्हणजे एक चौकोन आणि विश्रांती म्हणजे खाट. जगायला एवढं पुरतं असं मशीनचं मत.)

डबा उघडला तोच आमच्याच कंपनीच्या शेजारच्या गाडीतून गेरीची हाक. योगर्टचा एक अख्खा थर कलंडला होता आणि हा एकसष्ट वर्षांचा माणूस पाठीला पट्टा बांधून एकटाच खोके उचलत होता. उतरले. दोघांनी मिळून थर रचला. परत आले तर पोळी गार आणि मशीनवर खाट तशीच.

म्हणजे मशीनच्या लेखी मी पंचेचाळीस मिनिटं विश्रांती घेतली. प्रत्यक्षात मधली आठ मिनिटं हातोडे होते. विश्रांती मोडली. आणि तशीच तीन तास चाळीस मिनिटं चालवत परत आले.

आमच्याकडे मशीनच्या जोडीला कागदी तक्ताही भरावा लागतो. फिंटनच्या वडिलांनी कंपनी काढली तेव्हापासूनची पद्धत, आणि मालक झाल्यावरही फिंटनने ती सोडलेली नाही. 'मशीन बिघडतं, पेन बिघडत नाही.' मी यार्डातच बसून भरला. चालवणं, इतर काम, विश्रांती — तीन रकाने, खरं ते लिहिलं. माझा नोकरीतला सहा महिन्यांचा चाचणीचा काळ येत्या वीस तारखेला संपतो.

मंगळवार, १० मार्च

नियमांचं पुस्तक पुन्हा वाचलं. विश्रांतीत 'कोणतंही' काम नको, असं आहे. मग विश्रांतीत लेकीने, नेत्राने, फोन करून 'मॅम, व्हेअर आर माय पी.ई. थिंग्ज' विचारलं आणि मी तिला प्रेसमधला, म्हणजे कपाटातला, कप्पा सांगितला, ते काम का? घरी नवऱ्याला, विलासला, विचारलं. तो म्हणाला, "तू एम.ए. तत्त्वज्ञानात केलंस ही पुणे विद्यापीठाची चूक. ट्रकवाल्यांनी का भोगायची?"

सासूबाई महिन्याभरासाठी कराडहून आल्यात. त्यांना मशीनची चित्रं कागदावर काढून दाखवली. खाटेवर बोट ठेवून म्हणाल्या, "आमच्या येळंला आसलं यंत्र असतं तर ह्ये बटण कंदी दाबायलाच लागलं नसतं बघ."

बुधवार, ११ मार्च

सर्व्हिस स्टेशनवर गेरी भेटला. त्याला सांगितलं की मी आठ मिनिटं तक्त्यात लिहिली.

तो माझ्याकडे असा पाहत राहिला की जणू मीच योगर्टचा थर पाडलाय. "सूझी" — सुरुची त्याला सहा महिन्यांत जमलेलं नाही — "युअर मॅन काय म्हणतो?" मशीनला तो 'युअर मॅन' म्हणतो. म्हटलं, पंचेचाळीस. "मग पंचेचाळीस. युअर मॅन खूश, फिंटन खूश, तू ग्रँड. कुणी विचारलं होतं का तुला?"

कुणी विचारलं नव्हतं. तेच तर.

त्याच्याही मशीनवर तेव्हा खाटच होती. म्हणाला, त्याच्या तक्त्यात तो पंचेचाळीसच लिहिणार. अर्थात लिहील तेव्हा. त्याचे कागद नेहमीच आठवडाभर उशिरा येतात आणि प्रत्येकावर चहाचं गोल असतं. मी त्याचं नाव कुठेच लिहिलेलं नाही, हे त्याला सांगितलं. माझी आठ मिनिटं माझी, त्याची त्याची. पण खोके एकच होते. यावर काल अर्धा तास विचार केला.

माझ्या खिशातली ही वही त्याने पाहिली. "ही कसली नक्षी?" आकडे आहेत, म्हटलं. "आठ कुठला?" दाखवला. त्याने लगेच माझ्या ट्रेलरच्या धुळकट दारावर बोटाने ८ काढला, उलट्या तोंडाचा. "मुलांची घसरगुंडी दिसते." पुसायचं म्हटलं तर नको म्हणाला. अजून आहे तिथे.

शुक्रवार, १३ मार्च

तक्ता दिला. फिंटनने न बघताच ट्रेमध्ये टाकला. गुरुवारी निरीक्षक येणार आहे. मशीनच्या नोंदी आणि कागद शेजारी शेजारी ठेवून तपासणार.

सोमवार, १६ मार्च

आजचं नीट लिहून काढते, कारण मला अजून खरं वाटत नाही.

सकाळी फिंटनने ऑफिसात बोलावलं. माझा नऊ तारखेचा तक्ता समोर. चष्मा कपाळावर.

"आठ, सूझी," तो म्हणाला.

"हो. आठ."

"नाकारत नाहीस?"

"नाही. मीच लिहिलंय."

"एका दमात?"

"एका दमात. मध्ये थांबता येण्यासारखं नव्हतं." अर्धवट रचलेला थर सोडून कसं थांबणार?

त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा कपाळावर नेला. "आणि याचे परिणाम तुला माहीत आहेत."

"पुस्तक दोनदा वाचलंय. पण समोर माणूस अडचणीत असताना मला दुसरं काही सुचलं नाही."

"कोण माणूस? कुठल्या माणसासाठी कुणी आठ तास नव्वद मिनिटं गाडी चालवतं?"

मग विचारलं, नव्वद मिनिटं म्हणजे काय?

"तेच मी तुला विचारतोय! तीस वर्षं या धंद्यात आहे, नव्वद मिनिटांचा तास कुणी लिहिलेला पाहिला नाही. मिळवलं तर साडेनऊ होतात, मर्यादा नऊची. मशीन म्हणतंय चार तास दहा. तुमच्यातलं एक जण खोटं बोलतंय, आणि मशीन कॉलेजात गेलेलं नाही."

त्याने तक्ता माझ्याकडे वळवला. रकान्यांची नावं इंग्रजीत. खाली माझ्या अक्षरात, जातानाच्या ओळीत — ४.१०.

हिशोब मी मनात मराठीत करते. पाढे ज्या भाषेत पाठ केले तीच तिथे बोलते. एरवी तक्त्यावर उतरवताना आकडे बदलते. त्या दिवशी मनात आठाचं काहूर, त्यात सगळाच्या सगळा तक्ता मराठीत गेला होता. माझा चार त्याला आठ दिसला. माझा एक त्याला नऊ दिसला.

समजावून सांगितलं. मग हसायला लागला तो थांबेचना. खिडकी उघडून यार्डात ओरडला, "ती आठ लिहिते ते चार असतात!" मेकॅनिक धावत आला, की काही फुटलं का.

"मग हा काय?" 'इतर काम' रकान्यातल्या ०.०८ वर त्याने बोट ठेवलं. तोंड उघडणार तोच त्याने हात हलवला. "जाऊ दे, मला शिकवू नकोस." नवा कोरा तक्ता पुढे सरकवला. "माणसांच्या आकड्यांत लिहून आण. मशीन म्हणतंय तसं. बुधवारी सकाळी दे."

म्हणजे मी कबुली दिली होती आणि ती कुणाला वाचताच आली नाही. आता कोरा कागद घरी आणलाय.

मंगळवार, १७ मार्च

सेंट पॅट्रिकची सुट्टी. बाहेर मिरवणुकीचे बँड. कागद जेवणाच्या टेबलावर, कोराच.

नेत्रा म्हणाली, "लिटरली नोबडी केअर्स, मॅम." सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "नोकरी गेली तर दुसरी मिळंल?" म्हटलं, चाचणीतच काढलं तर अवघड आहे. एखाद्या दुकानात उभी राहीन, पण गाडी नाही मिळायची. आणि मला गाडीच हवी आहे. शहराच्या टोकाचं ल्यूकन सोडलं की पुढे रस्ता मोकळा होतो आणि साडेचार तास मला कुणी काही विचारत नाही, हे बाकी कुठल्या नोकरीत आहे?

"मग लिही की पंचेचाळीस," त्या म्हणाल्या. जरा वेळाने, "पर तू परत इचार करत बसशील. म्हैनाभर. मी हितं हाय तवर तरी खरं लिही, मला झोप लागंल."

बुधवार, १८ मार्च

लिहिलं. जाताना चालवणं 4.10. इतर काम 0.08. विश्रांती मोडलेली. इंग्रजी आकड्यांत, ठळक.

फिंटनने वाचलं. बराच वेळ वाचलं. "तुला कोरा कागद दिला होता मी."

"हो."

"आणि मशीन म्हणत होतं की सगळं ग्रँड आहे."

"मशीन खोके उचलत नव्हतं."

कुणासाठी, हे त्याने विचारलं नाही. खिडकीतून गेरीच्या गाडीकडे मात्र पाहिलं.

गुरुवार, १९ मार्च

घरी परसात सासूबाईंनी गुढी उभारली, पडद्याच्या दांड्याची. शेजारच्या आजींनी विचारलं, कुणाचा तांब्या वाळत घातलाय का.

निरीक्षक शांत माणूस. मशीनची नोंद आणि माझा कागद शेजारी ठेवून तीनदा पाहिलं. म्हणाला, "मशीनपेक्षा चांगला कागद रोज बघतो. मशीनपेक्षा वाईट कागद पहिल्यांदा बघतोय." कुणाला मदत केली विचारलं. म्हटलं, ते सांगायचं ज्याचं त्याने. लेखी ताकीद मिळाली. सही केली, इंग्रजीत.

तो गेल्यावर फिंटन म्हणाला, उद्यापासून मी कायम. पण दर शुक्रवारी सकाळी गाडी नाही, ऑफिस. सगळ्यांचे तक्ते तपासायचे, तारखेसह सही करायची. "तुला नाहीतरी झोप लागत नाही. पगारी जागरण कर."

आनंद झाला. मग आठवलं, की गेरीचा नऊ तारखेचा कागद अजून यायचाय. तो पंचेचाळीस लिहिणार. आणि तिथे कोण होतं, हे तपासणाऱ्या बाईला माहीत आहे.

शुक्रवार, २० मार्च

गेरीचा कागद आला, चहाच्या गोलासकट. ९ मार्च. विश्रांतीचे 0.45 खोडलेत. शेजारच्या 'इतर काम' रकान्यात एकच खूण — घसरगुंडी, उलट्या तोंडाची.

फिंटन म्हणाला, हे काय गिचमिड, वाचता येत नाही, परत पाठव.

पुस्तकात आहे, नोंद तपासणाऱ्याला वाचता आली पाहिजे. मला आली.