पायपुसण्याखाली

शनिवार, ३ जुलै २०२१

आले एकदाची. द हेगपासून गाडीत मास्कने जीव गुदमरला होता, पण आइंडहोव्हनला उतरून सायकलवर टांग टाकली आणि सगळा शीण गेला. श्रीहर्षचं घर शहराच्या कडेला, एकसारख्या विटांच्या रांगेत आहे. पुढे निळ्या फुलांची झुडपं, मागे हिरवळ, कोपऱ्यात सायकली ठेवायची लाकडी खोली. माझ्या दीड खोलीच्या फ्लॅटमधून इथे येणं म्हणजे चैनच आहे.

माझ्या या धाकट्या भावाला घर विकायचं नाही आणि गुंजनला, म्हणजे त्याच्या बायकोला, ते डोळ्यांसमोर नको. हिवाळ्यात तिघं टिलबर्गला भाड्याच्या घरात गेली, तेव्हापासून दोघांचं घोडं तिथेच अडलंय. शेवटी ठरलं, स्नेहलताईने, म्हणजे मी, उन्हाळाभर राहून बघावं आणि मी म्हणेन तसं करावं. मी दुभाष्याचं काम करते. एका कानात डच डॉक्टर, दुसऱ्या कानात आपली घाबरलेली माणसं. ते फोनवरून कुठूनही होतं.

खरं कारण आर्या. त्यांची मुलगी, सात वर्षांची. जानेवारीपासून तिने तोंडातून एक शब्द काढलेला नाही. डॉक्टर म्हणतात, लॉकडाऊन, त्यात घरची भाषा वेगळी, शाळेची वेगळी, होईल हळूहळू. गुंजन म्हणते, या घरात झालं. श्रीहर्ष म्हणतो, घराचा काय दोष?

एकटी असले की मी मोठ्याने बोलते, जुनी खोड आहे. दारातून आत येता येताच म्हणाले, असं घर कोणी विकतं का, आपण सगळ्यांनी इथेच येऊन कायमचं राहावं. पायपुसण्याखाली काहीतरी खुट्ट वाजलं. तिथे लाकडी झाकण आहे, जमिनीखालच्या पोकळीत उतरायला. इकडे सगळ्या घरांना असतं.

मंगळवार, ६ जुलै

घर झकास आहे. रात्री दहापर्यंत बागेत उजेड असतो आणि मी चहा घेऊन बसून राहते. विकू नये, असंच मत होतंय.

तक्रार एकच, शेजारच्या वीलेम आजोबांचा कुत्रा. माझा हॉस्पिटलचा फोन सुरू झाला की त्याला चेव येतो. आज वैतागून म्हणाले, याची वाचा बसेल तर बरं. आई असती तर तिने झापलं असतं. घरात वेडंवाकडं बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, हे तिचं ठरलेलं वाक्य.

संध्याकाळी कुत्रा कुंपणाशी उभा होता. तोंड उघडत होता, मिटत होता. आवाज येत नव्हता. आजोबा म्हणाले, गरमीने घसा बसला असेल. मग सहज म्हणाले, छोटी परत आलेली दिसते, दुपारी भिंतीतून तिचं गाणं ऐकू येतं. नाही आलेली, असं मी सांगितलं. त्यांना ते पटलं नाही, म्हणून त्यांनी चाल गुणगुणून दाखवली. उच्चार डच होता, पण ते बे एके बे होतं.

मला काही ते आवडलं नाही.

रविवार, ११ जुलै

गुंजनने आधीच गाठून ठेवलेल्या एजंटने एक जोडपं घर बघायला पाठवलं. नियमाप्रमाणे मास्क, थोडाच वेळ, कशाला हात लावायचा नाही. त्यांचं रांगतं बाळ मात्र थेट पायपुसण्यावर गेलं, त्याला कान लावून पडून राहिलं आणि खिदळायला लागलं. जाताना बाईने विचारलं, तुम्ही खाली कुत्रा ठेवता का?

ते गेल्यावर मीही कान लावला. खाली कुत्रा भुंकत होता. मग तो थांबला आणि एक मुलगी पाढा म्हणू लागली. बे पंचे दहा, बे सक – एवढ्यावर थांबली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा बे सक – आणि गप्प.

हा आवाज मी ओळखते. तिला पाढे मीच शिकवलेत, व्हिडिओवर.

बुधवार, १४ जुलै

बागेत जाऊन गुंजनला फोन केला. घरात बोलायला नको वाटतं आता. आर्याचा आवाज कसा गेला, सरळच विचारलं आणि ती रडायला लागली. जानेवारीत शाळा बंद होत्या, तिची ऑफिसची मीटिंग चालू होती, आर्या शेजारी बसून पाढा घोकत होती. गुंजन म्हणाली होती, आता तुझा आवाज मला ऐकू येता कामा नये. आर्या त्या शब्दावर थांबली ती थांबलीच. श्रीहर्षला तिने हे अजून सांगितलेलं नाही.

वास्तुशांतीचंही विचारलं. गेल्या वर्षी नीळकंठ गुरुजींनी ती पुण्याहून व्हिडिओवर सांगितली. वास्तुपुरुषाची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरायची, तोंड खाली. पण पोकळीत नुसती ओली वाळू. देवाचं तोंड चिखलात कसं दाबायचं, म्हणून गुंजनने ती उताणी ठेवली. तेवढ्यात तिकडे नेटवर्क गेलं होतं, गुरुजींनी पाहिलं नाही.

बिचारीने दयेपोटी केलं. मी असते तर मीही तेच केलं असतं.

गुरुवार, १५ जुलै

झाकण उघडून खाली उतरले. कोपरापर्यंत वाळू, रांगतच गेले. प्रतिमा आहे. तळहाताएवढा पत्रा, पण उचलेना. फिरवता आली तेवढी. पालथी करून दाबली, वर आले, झाकण लावलं.

खालून आर्या हसली.

पुन्हा उघडलं. उताणीच होती. ओठ ओले.

मग मी म्हणाले, आर्याला बोलू दे. लगेच पाढा सुरू झाला, मोठ्याने. पण खालीच. टिलबर्गला फोन केला, तर ती तशीच मुकी –

शनिवार, १७ जुलै

एजंटचा फोन आला. त्या बाळवाल्यांना घर हवंच आहे, उद्या उत्तर द्या.

विकायचं म्हणजे आर्याचा आवाज जमिनीसकट विकायचा. आणि त्या बाळाचाही, आज ना उद्या. न विकावं तर आवाज असाच खाली – बे सक, बे सक –

भीती वाटते. शिंकतानाही तोंडावर हात धरते.

संध्याकाळ. ठरवलं. बोलण्यावर माझं पोट आहे, हे खरं. पण ती सात वर्षांची आहे. पायपुसणं बाजूला केलं आणि स्वच्छ शब्दांत म्हणाले, तिचा आवाज तिला दे, माझा ठेव.

खालून उत्तर आलं. आर्याच्या आवाजात. तथास्तु.

रविवार, १८ जुलै

घशातून नुसती हवा.

श्रीहर्षचा फोन. हसत होता, रडत होता. नाश्त्याला बसल्या बसल्या आर्या म्हणाली, बारा. मग बे साते चौदा, मग थांबेचना. मी फोन धरून रडले. त्याला वाटलं, आनंदाने ताईला शब्द सुचत नाहीत. म्हणाला, तिघं निघालोच, तुला ऐकवायला. गुंजनही येतेय. फोन ठेवला.

येऊ नका, मीच येते, असा मेसेज केला. बघितला नाही. गाडी चालवत असणार.

बॅग उचलली. दार उघडत नाही.

रविवार, दुपार

मागचंही नाही. खिडक्याही –

पहिल्या दिवशी मीच म्हणाले होते. सगळ्यांनी इथेच येऊन कायमचं –

गाडी आली. वरच्या खिडकीवर थापा मारल्या. आर्याने हात हलवला. तिला वाटलं, मी –

बेल. खालून कोणीतरी म्हणालं, या, या, दार उघडंच आहे. माझा आवाज. घाबरलेल्या माणसांना फोनवर धीर देते ना, तो –

दार उघडलं. त्यांच्यासाठी उघडलं.

आर्या सगळ्यांत पुढे. हे पान फाडून खिडकीला लावते, मोठ्या अक्षरात –

आर्या आत पाऊल टाकू न