गाडीतली शेगडी

रविवार, डिसेंबर १९९६. बसवनगुडी, संध्याकाळ.

माझ्याकडे पाहुणे आलेले दादा, वहिनी आणि त्यांची पाच महिन्यांची सई सकाळीच माझी गाडी घेऊन उटीला गेले. जुन्या व्हॅनमध्ये पलंग आणि ओटा बसवून मीच ती राहण्याजोगी केली. खिडक्यांच्या फटीही रबराने बुजवल्या. "वारा म्हणून आत येणार नाही," ही बढाईही माझीच.

काल देवनहळ्ळीच्या तळ्याकाठी आम्ही दिवसभर मुक्काम केला, रात्री घरी परतलो. वहिनींनी सईला न्हाऊ घातलं, कोळशाच्या शेगडीवर ओवा टाकून धुरी दिली आणि ऊब राहावी म्हणून शेगडी आतच ठेवून दार ओढून घेतलं. मी बाहेर चहा करत होतो. दिवसभर रडणारी पोर एकदम गप्प झाली. बरं वाटलं मला. बरं!

दार उघडलं तर वहिनी डोकं धरून बसलेल्या, सई हातपाय सैल सोडून पडलेली. बाहेर वाऱ्यावर आणल्यावर बऱ्याच वेळाने रडली.

"काय झालं हो भाऊजी?"

कोळशाचा वायू साचला, हे मला कळलं होतं. पण पाहुण्यांना घाबरवायचं कशाला? आणि त्या फटी तर मीच...

"प्रवासाचा शीण," म्हणालो. "शेगडी मात्र आत नको, खालची फळी करपते."

फळी! खरं सांगायला काय झालं होतं मला?

त्यांचा मुक्काम गाडीतच, मग फोन तरी कुठे करू? उटीला थंडी कडक असणार. आत्ता परसात जाऊन पाहिलं. काल उतरवून ठेवलेली शेगडी नाही. कुंड्यांखालचा पत्राही नाही. शेगडीखालची फळी करपू नये म्हणून वहिनींनी तो आठवणीने नेलाय.