राहून गेलेली ओळ

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचे दात बसवून झाले का? आम्ही इकडे ठीक आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. बाबा तुझ्याकडे येऊन आठवडा झाला आणि त्यांनी कारण सांगितलं नसणार (ते मोकळेपणाने बोलतात ते फक्त लाकडाशी), तेव्हा पहिल्यापासून सांगतो.

तू नेहमी विचारतेस, ऑफिसात तू नेमकं करतोस काय. दूर कुठेतरी असलेले सर्व्हर आम्ही भाड्याने वापरतो, त्याला क्लाउड म्हणतात (ढगाचा संबंध नाही, मीही शोधला होता). पूर्वी पडद्यावर बटणं दाबून एकेक सर्व्हर हाताने उभा करायचो आणि कुणी काय केलं ते कुणालाच आठवायचं नाही. आता सर्व्हर किती, केवढे, कुणाला आत सोडायचं, सगळं एका फाइलीत लिहायचं. एक प्रोग्राम ती फाइल प्रत्यक्षाशी ताडून बघतो, काय वाढणार नि काय जाणार ते आधी दाखवतो आणि आपण 'हो' म्हटलं की तसं करून टाकतो. तीच फाइल दहादा चालवली तरी सर्व्हर लिहिलेत तेवढेच राहतात. गेल्या महिन्यात मी घाईत एका सर्व्हरची मेमरी हाताने वाढवली आणि फाइलीत लिहायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी प्रोग्रामने ती पुन्हा होती तेवढी करून ठेवली. साहेब शांतपणे म्हणाले, फाइलीत नाही ते नाहीच. हे मला इतकं पटलं की मी ते घरी घेऊन आलो, आणि तिथेच माझी बुद्धी चळली.

घर बदलताना मी नवं घर तसंच लिहून काढलं. खोल्या तीन, कपाटं दोन, पलंग तीन (आमचा एक, मुलींचे दोन). हमालांना बजावलं, यादीत आहे ते न्या, उरेल ते भंगारवाल्याला द्या. हिने दोनदा विचारलं, नीट वाचलीस ना? मी न वाचताच हो म्हटलं (ऑफिसात यासाठी बोलणी बसतात). संध्याकाळी बघतो तर बाबांची खाट गेलेली, आणि ज्यावर त्यांनी चाळीस वर्षं रंधा चालवला ते कामाचं टेबलही. बाबांनी चष्मा लावून यादी वाचली, उलटून मागची बाजूही बघितली.

"यात मी कुठल्या ओळीत आहे?"

"बाबा, तुम्ही तर आहातच. तुम्हाला काय लिहायचं?"

ताई, मी हे अगदी मनापासून म्हटलं होतं. सकाळी ते पिशवी घेऊन तुझ्याकडे निघाले. मला फार लाज वाटते.

भावोजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता.क. खाट परत आणली. नवी यादी सोबत जोडली आहे. पहिल्या ओळीत बाबा आहेत. त्यांना दाखव आणि त्यांच्या तोंडून 'हो' घे, त्याशिवाय मी काही हलवणार नाही.

ता.क. २. टेबलही सापडलं, पण नव्या दारातून आत जात नाही. जिन्याखाली पडून आहे. एकही खिळा नाही त्यात, नुसते सांधे. ते बाबांशिवाय कुणाला सुटायचे नाहीत, असं त्यांना सांग.

ता.क. ३. खालचा सुतार काल दहा मिनिटांत सोडवून देतो म्हणत होता. मी त्याला नको म्हटलं. हे मात्र बाबांना सांगू नकोस.