दाबून धरलं तोवर

सोमवार

नवी नोकरी, नवी खोली आणि घरूनच काम! खिडकीशी टेबल मांडलं. आईनं तिचं निवडुंगाचं रोप खिडकीत ठेवलं. स्वयंपाकघर भिंतीपलीकडेच आहे, त्यामुळे तिचं भांड्यांशी चाललेलं बोलणं मला सगळं ऐकू येतं. मी कामात बुडाले की ती हाका मारत बसत नाही. येते, मनगट धरते आणि माझा हात कीबोर्डवरून उचलून थेट ताटाशी नेते. आजही तेच केलं. मी चिडले, पण जेवले.

काम असं की, स्क्रीनवरच्या एका खिडकीत दुसरा अख्खा डेस्कटॉप चालतो. डब्यात डबा. दोघांचे शॉर्टकट तेच. मी आतल्यासाठी बटणं दाबते आणि बाहेरचा ती मधल्यामधे गिळतो. ते थांबवायचं. हात नुसते शिवशिवताहेत.

मंगळवार

दोन शॉर्टकट हट्टाला पेटलेत. एक लपवायचा. माउसचा बाण ज्या खिडकीवर असेल ती लपते, क्लिकसुद्धा करावं लागत नाही. दुसरा दाखवायचा. तो दाबून धरला तोवर लपलेली खिडकी दिसते, सोडला की पुन्हा गायब. बाहेरच्या डेस्कटॉपकडून मी दोन्ही काढून घेतले. आता ते आत पोचायला हवेत. पोचत नाहीत. बाहेरही काही होत नाही.

साहेबांना फोन केला. ते म्हणाले, दाबलेलं बटण वाया जात नाही, आतल्याला मिळालं नाही म्हणजे बाहेरच्यानं घेतलं. मी म्हटलं, बाहेरचाही घेत नाही. मग त्याच्याही बाहेर कोण आहे ते बघा, म्हणाले आणि हसले. साहेबांचे विनोद पगाराबरोबर सोसायचे असतात, म्हणून मीही हसले.

बुधवार

दिवसभर लपवायचा शॉर्टकट दाबत होते. लागला नाही की पुन्हा दाबायचा, ही आमच्या धंद्यातली खोड. दाबता दाबता खोलीच्या खिडकीकडे बघत विचार करायचा, ही माझी.

निवडुंग दिसत नाही. आईला विचारलं, कुठे हलवलंस. तिनं मलाच विचारलं, तू कुठे हलवलंस. जेवताना दोघी फुगून बसलो होतो.

गुरुवार

समोरच्या गच्चीवर मांजर ऊन खात पडलं होतं. त्याच्याकडे बघत बटणं दाबली. मांजर उठलं नाही, पळालं नाही. नुसतं नव्हतं.

डोळे थकले असतील. पण मग निवडुंग? मी बाण नेतच नाही. मी बघते. आणि जिथे बघते तिथे —

भीती वाटते आहे. उद्या साहेबांना सांगून हे काम सोडणार. आज फक्त एकदा खात्री करते, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून.

गुरुवार, संध्याकाळ

बोटं खाली जात होती आणि आई चहा घेऊन दारात आली. मी वर बघितलं. आई आली की माणूस वर बघतोच.

कप फरशीवर फुटलाय. चहा अजून गरम आहे. ती —

शुक्रवार

सगळं घर शोधलं. जिना, गच्ची, रस्ता. चपला दाराशीच आहेत.

साहेबांना विचारलं, लपवलेल्याचं काय होतं. ते म्हणाले, लपलेली खिडकी बंद नसते, आत सगळं चालू असतं. मी का रडते ते त्यांना कळेना.

खरंच चालू आहे. भिंतीपलीकडे भांडी वाजताहेत. ती त्यांच्याशी बोलते आहे. आत गेले तर ओटा रिकामा.

दुसरा शॉर्टकट. दाखवायचा. तो तरी —

शनिवार

आली.

डाव्या हातानं तीन बटणं धरून बसलेय, उजव्यानं लिहितेय. तिनं आल्या आल्या विचारलं, कप फोडलास का गं. मधलं काही तिला ठाऊकच नाही. एकदा बोट जरा सैल झालं — दार रिकामं. पुन्हा दाबलं तेव्हा तिनं अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं.

सोडायचं नाही. आता कधीच नाही.

शनिवार, दुपार

हात बधिर झालाय. बटणांवर चिकटपट्टी लावता येईल, पण ती तिकडे कपाटात. आईला मागितली. आधी जेव, म्हणाली. सगळं सांगायला लागले तर म्हणाली, जेवल्यावर ऐकते.

ताट वाढल्याचा आवाज. पावलं.

आई, तिथेच थांब, म्हटलं. हाताला हात लावू नकोस, एक बटण जरी —

हसतेय.

“पुरे गं आता. हात बघ कसा आखडलाय. सोड ते आधी.”

नको — आई — तिची बोटं माझ्या मनगटा