देवळातली परीक्षा

प्रिय सर,

काल दर्शनाची देवळातली परीक्षा झाली. तुम्ही गेल्यानंतरची पहिलीच. घरी आल्यापासून कुणाला तरी सांगावं असं सारखं वाटतंय आणि ज्यांना सांगायचं ते तुम्हीच नाही, म्हणून कागद घेऊन बसलेय. मोबाइलवरचे लांबलचक निरोप तुम्हाला आवडायचे नाहीत, तेव्हा हे हाताने लिहितेय. अक्षराला नावं ठेवू नका.

आधी कपाटाची खबर देते. उपकेंद्रातलं, तुमच्या खुर्चीमागचं, ज्याचं दार पावसाळ्यात फुगून बसतं ते. त्यात आता जागा उरली नाही. काजूच्या बोंडांच्या रसावरचा प्रबंध, त्याला खेटून दशावतारातल्या रंगभूषेवरचा, मग चिऱ्यांच्या खाणींत साठणाऱ्या पाण्यावरचा, विजयदुर्गाकडच्या बायकांच्या ओव्यांवरचा, खारेपाटणच्या जुन्या बाजारपेठेवरचा. आपल्या आडबाजूच्या विद्यापीठात एवढं सगळं शिजतं, हे बाहेर सांगितलं तर लोक हसतात. तुम्ही प्राणिशास्त्राचे, पण हरेक विभागाचं पोर तुमच्याकडे चहाला यायचं आणि तुम्ही त्याला त्याच्या विषयाच्या नावाने हाक मारायचात. "बोंडू इलो काय रे? चिरो खंय गेलो?" मी कुर्ल्यांवर, म्हणजे खाडीतल्या खेकड्यांवर काम केलं, म्हणून मी कुर्ली. माझ्या लग्नाच्या पत्रिकेवरचं नाव वाचून तुम्ही मलाच विचारलं होतंत, "ही कोण?"

तुमचा नियम मात्र सगळ्यांना सारखा. ज्या गावातून माहिती गोळा केली, त्या गावच्या देवळात उभं राहून, काय सापडलं ते मालवणीत सांगायचं. मगच प्रबंध विद्यापीठात द्यायचा. "तेंचा घेतलंस, तेंका परत दी," म्हणायचात. सांगून झालं की त्या देवळाच्या घाडीकाकांनी गावाच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालायचं आणि जमलेल्या गावाने "व्हय म्हाराजा" म्हणायचं. तो होकार मिळाला की तुमच्या लेखी आम्ही पास. माझ्या वेळी एका आजीने विचारलं होतं, "कुर्ल्यो मोजतंस आणि मगे सोडून दितंस? खाणस नाय?" मी घामाघूम, आणि सर्वांत मोठ्याने हसत होतात तुम्ही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

आता विद्यापीठात कुठे काय छापून आलं तेवढंच विचारतात. देवळाचं नाव कुणी काढत नाही. तुमच्यामागे ही रीत आपसूक बंद पडणार, असं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. आणि खरं सांगू? दर्शनाचं काम वाचल्यावर ती बंद पडली तर बरंच, असं मलाही वाटायला लागलं.

तुम्ही गेलात तेव्हा तिचं काम अर्धं झालं होतं. उरलेल्या अर्ध्यासाठी मार्गदर्शक म्हणून माझं नाव लागलं. तिच्याच गावची खाडी, त्यातल्या तिसऱ्या, वाळूत रुतून राहणारे ते खाण्याचे शिंपले. तुमच्या स्वतःच्या प्रबंधाचा विषयही तोच, नाही का? तिसऱ्या घटतात त्या बायका लहानमोठ्या सगळ्याच वेचून नेतात म्हणून, असं तुम्ही शेवटच्या प्रकरणात लिहिलंत. चैत्र-वैशाखात खाडीत उतरू नका, असं त्याच देवळात सांगितलंत. गावाने "व्हय म्हाराजा" म्हटलं आणि पाळलं. चाकरमानी सुट्टीला येतात, घरोघरी तिसऱ्यांची मागणी असते, नेमके ते महिने बायका हात बांधून बसल्या. त्यांच्यात दर्शनाची आई होती.

आणि दर्शनाला सापडलं ते उलटंच. बायका जिथे कधीच जात नव्हत्या, तिथेही तिसऱ्या तेवढ्याच घटल्या होत्या. वरच्या अंगाला वाळूचा उपसा चालतो. तळाची वाळू जाते, चिखल बसतो, आणि त्या चिखलात तिसरी जगत नाही. सर, तुमचं शेवटचं प्रकरण चुकलं होतं.

मी ते तीनतीनदा तपासलं. कुठेतरी तिचीच चूक निघावी म्हणून तपासलं. निघाली नाही. मग तिला म्हटलं, प्रबंधात सगळं राहू दे, देवळात तेवढं शेवटचं नको. त्या गावात तुम्ही गुरुजी, तुम्हाला देवाच्या खालोखाल मानतात. तुम्ही नाही, उत्तर द्यायला येऊ शकत नाही, आणि तुमच्या पश्चात तुमच्याच विद्यार्थिनीने तिथे उभं राहून तुम्हाला खोटं पाडायचं? दर्शना शांतपणे म्हणाली, "मॅडम, मगे ती परीक्षा कसली?"

काल दुपारी सभामंडप भरला होता. ती न अडखळता बोलली. शेवटचंही बोलली. गुरुजींचं चुकलं होतं, असं सरळ सांगितलं. मी खाली फरशीकडे बघत बसले होते.

मग तिची आई उठली. "मगे इतकी वर्सां आमी उगीच बसलाव?"

दर्शनाने मान हलवली. "व्हय गो आये. उगीच."

"आणि ह्या तू आज सांगतंस? गुरजी गेल्यावर?"

"गुरजींनीच सांगूक सांगल्यानी," ती म्हणाली. "पयल्या दिवशी होडयेत बसवन म्हणाले, माझा शेवटचा प्रकरण माका आता पटणा नाय. तू तपास. चुकला आसात तर देवळात सांग."

सर, मला हे तिथे, त्या फरशीवर बसून कळलं. तुम्ही तिला सांगितलंत, मला नाही? इतकी वर्षं तुमच्यासमोर बसून चहा प्यायले, एकदाही तोंडातून काढलं नाहीत. काल रस्ताभर तुमच्याशी मनातल्या मनात भांडत आले. घर जवळ आलं तेव्हा उमगलं. मी तुमची बाजू घेतली असती. तुम्हाला ती घेणारं माणूस नको होतं.

दर्शनाची आई अजून उभीच होती. "गुरजी आज आसते तर मी तेंच्यावांगडा भांडलंय असतंय," म्हणाली, आणि पदराने डोळे पुसून खाली बसली. ती भांडायला हवी होती सर. तुम्हीही समोर हवे होतात.

घाडीकाकांनी नारळ पुढ्यात ठेवला. "बा देवा म्हाराजा, आमच्या गुरजींचा जा काय चुकला, ता तेंच्याच चेडवान, ह्या दर्शनान, आज सुदारल्यान. गुरजींका पोटात घे. चेडवाक यश दी. आणि वाळवेच्या होडयेवाल्यांका बुद्धी दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला.

दर्शनाची आई गप्पच होती. काका थांबले. सगळेच थांबले. मग तिने हात जोडले आणि एकटीच म्हणाली, "व्हय म्हाराजा."

दर्शना पास झाली, सर. मला वाटतं, तुम्हीही. बायका दर्शनाला घेऊन तहसीलदारांकडे जाणार आहेत, उपशाचं बोलायला. मीही जातेय.

आणि एक कबूल करते. जूनमध्ये नांदगावची एक मुलगी येतेय, तिला कुर्ल्यांवर काम करायचंय. तिच्या हातात मी माझाच प्रबंध देणार आहे, शेवटचं प्रकरण तपास म्हणून. चुकलं असेल तर ती देवळात उभी राहून सांगेल. मी पुढे बसेन आणि पहिलं "व्हय म्हाराजा" माझं असेल.

तुमची,
कुर्ली